इ-पोर्टफोलिओ: गावच्या शाळेत पडणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं

मी यवतमाळ जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिकवते. गेली काही वर्षं वर्गातल्या मुलांचं काम मोबाइलवर जपून ठेवते आहे. केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत हा विषय निघाला की जेवणाच्या सुट्टीत चार-सहा जण डबा घेऊन शेजारी येऊन बसतात आणि प्रश्न विचारतात. पालकही विचारतात, डीएलएडच्या छात्रशिक्षिकाही विचारतात. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून इथे एकत्र लिहिले आहेत. उत्तरं माझ्या वर्गातून आलेली आहेत. तुमच्या शाळेत थोडाफार फरक पडेल.

इ-पोर्टफोलिओ म्हणजे नेमकं काय?

मुलाने वर्षभर केलेल्या कामातले काही नमुने, त्याने स्वतः निवडलेले, आणि प्रत्येक नमुन्याबरोबर "हे मी का ठेवलं" याबद्दल त्याचे दोन शब्द. हे सगळं फोनवर किंवा संगणकावर असलं की झाला इ-पोर्टफोलिओ. नमुना म्हणजे वहीच्या पानाचा फोटो, चित्र, वाचनाचं रेकॉर्डिंग, प्रयोगाचा छोटा व्हिडिओ, काहीही.

विद्यार्थी संचिका आपल्याकडे आधीपासून आहेच. पुठ्ठ्याच्या फायलीत चित्रं आणि चाचणीचे कागद लावून ठेवायचे. पण झडीच्या दिवसांत भिंतीला ओल आली की कागद चिकटतात, उन्हाळ्याच्या सुट्टीत बंद कपाटाला वाळवी लागते. हा फरक मोठा आहेच, पण मला त्याहून मोठा वाटतो तो आवाजाचा. कागदावर मुलाचा आवाज ठेवता येत नाही.

तिसरीतल्या एका मुलीची तीन रेकॉर्डिंग माझ्याकडे आहेत. पहिलं जुलैचं. मागे टिनावर पाऊस वाजतो आहे आणि ती अक्षराला अक्षर जोडत चालली आहे. जोडाक्षर आलं की एकदम गप्प. दुसरं नोव्हेंबरचं. आता शब्द सलग येतात, पण पूर्णविराम आहे हे तिच्या गावीही नाही. तिसरं फेब्रुवारीचं, वाक्य संपलं की आवाज आपोआप खाली येतो. मार्चमध्ये मी तिला पहिलं ऐकवलं. तिने तोंडावर हात ठेवला, पुन्हा लावायला सांगितलं आणि म्हणाली, "मॅडम, इथं मी 'प्र'ले भेत होती." प्रगतिपत्रकातला कोणता शेरा हे सांगू शकला असता?

मग फोटो काढून शाळेच्या ग्रुपवर टाकतो, तोच पोर्टफोलिओ नाही का?

नाही. तो उपक्रमाचा पुरावा आहे. कोणाला तरी दाखवण्यासाठी आपण तो काढतो, मुलाचा त्यात हात नसतो. झाडाजवळ ओळीने उभ्या केलेल्या पंचवीस मुलांच्या फोटोतून एकाही मुलाचं शिकणं कळत नाही. निवड मुलाची आणि शब्द मुलाचे, या दोन गोष्टी नसतील तर कितीही फोटो जमवले तरी तो नुसता साठा. हे मी जरा आग्रहाने सांगते, कारण चांगली सुरुवात झालेले वर्ग इथेच घसरतात.

डिजिलॉकर, अपार, सरल यांच्यात आणि यात काय फरक?

सरल आणि यूडायस ही शाळेने भरायची माहिती. डिजिलॉकर हे २०१५पासून सुरू असलेलं सरकारी कपाट, त्यात गुणपत्रिका आणि दाखले राहतात. अपार हा विद्यार्थ्याचा ओळख क्रमांक. या सगळ्यांतून निकाल कळतो. त्या निकालापर्यंत मूल कसं पोचलं ते पोर्टफोलिओत दिसतं.

हे शासनाने सक्तीचं केलं आहे का?

इ-पोर्टफोलिओच करा अशी सक्ती नाही. पण त्यामागचा विचार आपल्या कामात कधीचाच आला आहे. शिक्षण हक्क कायदा २००९च्या कलम २९मध्ये मुलाच्या आकलनाचं आणि ते वापरण्याच्या क्षमतेचं सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन करायला सांगितलं आहे. त्यानुसार महाराष्ट्रात २०१०पासून आपण आकारिक नोंदी, म्हणजे मूल शिकत असतानाच केलेल्या मूल्यमापनाच्या नोंदी, लिहितो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२०मध्ये समग्र प्रगतिपत्रकाची कल्पना आहे. त्यात शिक्षकाच्या मूल्यमापनाबरोबर मुलाचं स्वतःचं, सोबत्यांनी केलेलं मूल्यमापन आणि प्रकल्प, गटकाम यांच्या जोडीला पोर्टफोलिओ हा शब्द स्पष्टपणे आला आहे.

थोडक्यात, निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प या आकारिक साधनांच्या नोंदी तुम्ही लिहिताच. पोर्टफोलिओ असला की त्या नोंदी आठवणीवर न लिहिता समोर बघून लिहिता येतात.

आधीच ऑनलाइन कामं कमी आहेत का? हे आणखी एक कशाला?

हा प्रश्न विचारणाऱ्यांवर मी कधीच रागावत नाही. माहिती भरता भरता शिकवायचं राहून जातं हे मी रोज अनुभवते. म्हणून माझ्यापुरता एक नियम केला आहे: महिन्याला प्रत्येक मुलाचा एक नमुना, त्याहून जास्त नाही. वर्गात तीस मुलं असतील तर दिवसाला एक किंवा दोन मुलांची पाळी येते. एकाला पाच मिनिटं लागतात, तीही परिपाठानंतर किंवा दुपारच्या सुट्टीआधी निघतात. वर्षाला मुलामागे आठ-नऊ नमुने होतात आणि तेवढे भरपूर आहेत. रोज सगळ्यांचं सगळं जपायला गेलात तर पोळ्यापर्यंत दम निघून जाईल.

यामुळे माझं एक काम मात्र कमी झालं. वर्णनात्मक नोंदी लिहिताना आता "वाचनात प्रगती आहे" असं सगळ्यांना सारखं लिहावं लागत नाही. तिसरीतल्या त्या मुलीच्या नोंदीत मी लिहिलं, "जोडाक्षरयुक्त शब्द न अडता वाचते, विरामचिन्हांची दखल घेते." त्यासाठी डोकं खाजवावं लागलं नाही.

शाळेत नेटवर्क येत नाही, वीजही जाते. मग कसं जमणार?

फोटो काढायला आणि आवाज रेकॉर्ड करायला नेटवर्क लागतच नाही. आमच्या शाळेत ते मिळतं फक्त हातपंपाजवळच्या ओट्यावर, तेही आभाळ मोकळं असेल तेव्हा. मी सगळं आधी फोनमध्येच ठेवते आणि तालुक्याला गेले की वर चढवते.

फोनमध्ये प्रत्येक मुलाचं एक फोल्डर करा. फोल्डरला हजेरीपटावरचा क्रमांक द्या, फाइलच्या नावात महिना आणि विषय टाका: "१२-जुलै-वाचन". हे त्याच दिवशी करा. आठवड्याने करू म्हटलं की कोणाची वही कोणाची तेच कळत नाही.

जागेची काळजी फार करू नका. साधा फोटो साधारण ३ एमबीचा असतो. तीस मुलं, प्रत्येकाचे दहा फोटो, म्हणजे ९०० एमबी. १ जीबीसुद्धा होत नाही. मिनिटभराचं आवाजाचं रेकॉर्डिंग बहुधा फोटोहूनही लहान असतं. जागा खातो तो व्हिडिओ. तो हवाच असेल तर कॅमेऱ्याची क्वालिटी कमी करून तीस सेकंदांचा घ्या. आणि व्हॉट्सॲपवरून फोटो पाठवायचाच असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाहीतर तो दाबला जातो आणि पेन्सिलीचं अक्षर दिसेनासं होतं.

कोणतं ॲप चांगलं?

प्राथमिक शाळेला फोल्डर पुरतात. गूगल ड्राइव्हवर एका खात्याला १५ जीबी जागा फुकट मिळते, ती जीमेल आणि फोटोंमध्ये वाटली जाते, म्हणून शाळेसाठी वेगळं खातं उघडा. आठवी-नववीच्या पुढची मुलं गूगल साइट्सवर स्वतःचं पान बनवू शकतात, ते फक्त निवडक लोकांना दिसेल असं ठेवता येतं. महाविद्यालयात किंवा अध्यापक विद्यालयात सर्व्हर सांभाळणारं कोणी असेल तर माहारा नावाची खास पोर्टफोलिओसाठीची मुक्त प्रणाली आहे. ती न्यूझीलंडमध्ये २००६मध्ये सुरू झाली. माओरी भाषेत त्या शब्दाचा अर्थ विचार करणं असा आहे. पण आधी तीन महिने फोल्डरवर चालवून बघा, मगच ॲपकडे वळा.

मुलांना मराठी टाइप करता येत नाही. दोन शब्द लिहिणार कसे?

बोलू द्या. फोटोच्या जोडीला वीस सेकंदांचं रेकॉर्डिंग ठेवलं की झालं. चौथी-पाचवीच्या मुलांना चिठ्ठीवर हाताने लिहू द्या, ती चिठ्ठी नमुन्याशेजारी ठेवून एकच फोटो काढा. त्यांचं अक्षरही आपोआप जपलं जातं. मोठ्या मुलांना जीबोर्डवर मराठी बोलून टाइप करता येतं. जोडाक्षरं चुकतात, ती दुरुस्त करणं हासुद्धा अभ्यासच आहे. संगणकावर टाइप करणार असाल तर युनिकोडच वापरा. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्याच्या फोनवर नुसतीच गिचमिड दिसतो.

घरी कोलामी, गोंडी, कोरकू किंवा गोरमाटी बोलणाऱ्या मुलांचं काय?

माझ्या मते सर्वांत जास्त उपयोग त्यांनाच आहे. आमच्या जिल्ह्यात कोलाम पोड आणि बंजारा तांडे आहेत, मेळघाटात कोरकू आहे, गडचिरोलीत गोंडी आणि माडिया. पहिलीतलं मूल मराठीत गप्प असतं म्हणून त्याला काही येत नाही असं आपण धरून चालतो. त्याला त्याच्या भाषेत बोलू द्या. बैलाच्या चित्राबद्दल एक मुलगा कोलामीत सव्वा मिनिट बोलला. मला त्यातलं थोडंच कळलं. त्याच्या आजीला ऐकवलं तर ती हसायला लागली आणि म्हणाली, याने बैलाचा रंग, शिंगं, तो कोणत्या हाताला जुंपतात, सगळं बरोबर सांगितलं. त्या दिवसापर्यंत माझ्या नोंदवहीत त्याच्या नावापुढे "अबोल" लिहिलेलं होतं. मी ते खोडलं.

पुढे तो मराठीत बोलायला लागला तेव्हाही जुनं रेकॉर्डिंग मी काढून टाकलं नाही. दोन्ही त्याचीच आहेत.

"का निवडलं?" विचारलं की मुलं "छान आहे म्हणून" म्हणतात आणि थांबतात. पुढे काय?

सगळीकडे हेच होतं. सुरुवातीचे दोन-तीन महिने हेच होणार, घाबरू नका. "छान" हे उत्तर मुलं आपल्याला खूश करायला देतात, कारण वहीवर आपणच वर्षानुवर्षं "छान" लिहीत आलो. प्रश्न बदलून बघा. "हे करताना कुठे अडलास?" "आधी काय वाटलं होतं, मग काय निघालं?" "पुन्हा करायचं झालं तर काय वेगळं करशील?" "लहान भावाला हे दाखवलंस तर त्याला काय सांगशील?" शेवटच्या प्रश्नाला मुलं खूप बोलतात.

पाचवीतल्या एका मुलाची गोष्ट सांगते. शाळेच्या कुंपणाशी पऱ्हाटीचं, म्हणजे कापसाचं, एक झाड आपोआप उगवलं होतं. मुलांनी दर शनिवारी त्याची उंची मोजायचं ठरवलं, आणि पट्टी शोधायचा कंटाळा म्हणून वितीने मोजायला लागली. तीन वीत, चार वीत, साडेचार वीत, आणि मग एका शनिवारी चार वीत. झाड खुजं झालं! वर्गात मोठा वाद झाला. कोणी म्हणालं शेंडा बोंडअळीने खाल्ला, कोणी म्हणालं बकरीने. ते जाऊन बघून आले, शेंडा जागच्या जागी. दोन दिवसांनी त्या मुलाच्या लक्षात आलं की त्या शनिवारी तो आजारी होता आणि मोजलं सातवीतल्या दादाने.

महिनाअखेरीला नमुना निवडायची त्याची पाळी आली. त्याच्याकडे पुढचा, टेपने मोजलेला, सेंटीमीटरचा सुंदर आलेख होता. मला वाटलं तोच निवडेल. त्याने ते चुकलेलं पान निवडलं. "मॅडम, इथं झाड लहान नाही झालं, हात बदलला," असं रेकॉर्ड केलं.

प्रमाणित एकक कशाला लागतं हे मी फळ्यावर कितीतरी वर्षं शिकवलं आहे, पण इतक्या कमी शब्दांत मला कधी सांगता आलं नव्हतं. चुकलेलं पान ठेवायची मोकळीक मुलांना द्या. नेटकी पानंच ठेवायला सांगितलीत तर मुलं नक्कल करून नेटकी पानं आणतील.

पोर्टफोलिओला गुण द्यायचे का?

मी देत नाही. त्यातलं बघून आकारिक नोंद लिहिते, पण पोर्टफोलिओला म्हणून दहापैकी सात असं करत नाही. गुण लागले की मूल चुकलेलं पान ठेवणार नाही, हे एक कारण. दुसरं कारण अनुभवातून आलेलं आहे, आणि तो अनुभव दूरचा आहे. अमेरिकेतल्या व्हर्मांट राज्याने १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला शाळांमध्ये राज्यभर पोर्टफोलिओवर आधारित मूल्यमापन सुरू केलं. रँड या संस्थेने ते तपासलं तेव्हा दिसलं की एकाच पोर्टफोलिओला दोन परीक्षकांनी दिलेल्या गुणांत पुरेसा मेळ नव्हता. वर्गातलं शिकवणं सुधारायला पोर्टफोलिओचा उपयोग झाला, पण शाळांची तुलना करण्याइतके ते गुण भरवशाचे ठरले नाहीत. आपल्याकडे कोणी "पोर्टफोलिओत पहिली आलेली शाळा" अशी स्पर्धा काढू म्हणालं तर हे आठवावं.

"मी शायेत गेलोच नाई, मले त्यातलं काय समजते?" असं पालक म्हणतात. त्यांना कसं सांगावं?

सांगू नका, ऐकवा. पालक सभेत आकडे वाचून दाखवले की माणसं खाली बघत बसतात. मी सभेआधी अर्धा तास एकेका घराला बोलावते आणि मुलालाच फोन हातात देते. मूल स्वतः सांगतं: हे जुलैचं, हे आताचं. वाचता न येणाऱ्या आईलाही अडखळत वाचणं आणि सलग वाचणं यातला फरक कानाने कळतो. सोयाबीन काढणीच्या किंवा कापूस वेचणीच्या दिवसांत सभा ठेवू नका, कोणी येणार नाही. आणि रोजी पाडून आलेल्या माणसाला तासभर बसवून ठेवू नका.

"आमच्या पोराचे फोटो साऱ्या जगाले दिसतील का?"

दिसता कामा नयेत, आणि ती जबाबदारी आपली. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल मानलं आहे आणि त्याची माहिती वापरण्यासाठी पालकाची संमती हा मूळ नियम आहे. शाळेपुरत्या बारकाव्यांत न अडकता जूनअखेर शाळा उघडली की एका साध्या कागदावर, मराठीत, पालकांची सही किंवा अंगठा घ्या. काय जपणार, कुठे, कोण बघणार, आणि नको असेल तर पुसून टाकू, हे त्यात लिहा. वाचून दाखवा.

फोटो कामाचा काढा, चेहऱ्याचा नको. वही, हात आणि चित्र एवढं पुरतं. कॅमेऱ्यातलं लोकेशन बंद ठेवा. फाइलच्या नावात मुलाचं नाव टाकू नका. कोणाचं पान वर्गात दाखवायचं असेल तर आधी त्या मुलाला विचारा. नाही म्हणालं तर नाही.

कुटुंब कामासाठी बाहेरगावी जातं. मध्येच शाळा सुटते. त्या मुलाच्या पोर्टफोलिओचं काय?

दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणारी कुटुंबं आहेत, मिरची तोडायला तेलंगणात जाणारी आहेत. मूल नव्या शाळेत बसलं की तिथल्या शिक्षकाला त्याच्याबद्दल काहीच माहीत नसतं. पुन्हा अ-आ-इ-ईपासून सुरुवात होते, आणि ज्याला भागाकार येतो ते मूल मागच्या बाकावर बसून राहतं. असं मूल निघालं की मी त्याचं फोल्डर पालकांच्या फोनमध्ये टाकून देते, शाळेचा क्रमांकही देते. एकदा तिकडच्या शिक्षकाचा फोन आला: "याचं वाचन ऐकलं, याला कोणत्या गटात बसवू?" एवढाच फोन. पण त्या मुलाचे चार महिने वाचले. हे एकच कारण असतं तरी मी हे काम केलं असतं.

हे परदेशी खूळ आहे, असं काही जण म्हणतात.

शब्द आणि साधन बाहेरचं आहे. पण मुलाचं हाताने केलेलं काम हाच त्याच्या शिक्षणाचा पाया, हा विचार वर्ध्याचा आहे. ऑक्टोबर १९३७मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली, डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने आराखडा केला आणि सेवाग्रामला नई तालीम उभी राहिली. तिथे मूल सूत कातताना गणित शिकत होतं. पऱ्हाटी मोजणारा माझा विद्यार्थी त्याच वाटेवर आहे असं मी मानते.

डीएलएड, बीएड किंवा आयटीआयच्या विद्यार्थ्यांना याचा उपयोग?

थेट उपयोग आहे. दोन वर्षांच्या बीएडमध्ये वीस आठवड्यांची आंतरवासिता, म्हणजे शाळेत जाऊन शिकवण्याचा सराव, असते. त्यातल्या एका पाठाचं टाचण, त्या पाठाचं दहा मिनिटांचं रेकॉर्डिंग आणि "काय फसलं" याची अर्धी पानभर नोंद, असे पाच संच जपा. मुलाखतीत फाइलच्या जाडीपेक्षा ते जास्त बोलतील. आयटीआयच्या मुलाने पहिल्या महिन्यातल्या वेल्डिंगच्या जोडाचा आणि सहाव्या महिन्यातल्या जोडाचा फोटो शेजारी शेजारी ठेवावा. वर्कशॉपवाला माणूस जोड बघून ओळखतो.

फोन हरवला किंवा बिघडला तर?

माझा बिघडला होता. मे महिन्यात, सुट्टीत, पाण्याच्या टाकीत पडला आणि पुन्हा सुरूच झाला नाही. वर्षभराची रेकॉर्डिंग एकाच जागी होती. "पुढच्या आठवड्यात चढवते" असं मी मार्चपासून म्हणत होते. जुलैमध्ये शाळेत गेले तेव्हा मुलं विचारायला लागली, आमचं मागच्या वर्षीचं ऐकवा, आणि मला सांगावं लागलं की ते गेलं. एक मुलगी म्हणाली, "मग मी पुन्हा हळूहळू वाचू का?"

आता दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सगळं दोन ठिकाणी जातं. एक ड्राइव्हवर. दुसरं मेमरी कार्डवर, ते कार्ड खडूच्या रिकाम्या डबीत, डबी मुख्याध्यापकांच्या लोखंडी कपाटात, आणि डबीवर वर्ग आणि वर्ष.